संगमावरची छत्री

२९ जून, रविवार. फ्लॉरेन्स

रात्रीचे साडेअकरा. खिडकी सताड उघडी आहे, पण वारा म्हणून नाही. एसी नाहीच. एक टेबलफॅन आहे, तो माझ्याहून जास्त दमलाय.

पोरं अजून परतायची आहेत. आमच्या समर प्रोग्रॅमला एकोणीस जण आहेत, सगळे अमेरिकेतल्या आमच्या युनिव्हर्सिटीचे, सिव्हिलचे. सहा आठवडे, दोन विषय, सहा क्रेडिट्स. एक प्रोफेसर आणि टीए, म्हणजे शिकवण्यातली मदतनीस, म्हणून मी. सोमवार ते गुरुवार वर्ग, शुक्रवारी सुट्टी. ही सुट्टी ज्याने वेळापत्रकात घातली त्याला मी मनातल्या मनात रोज चार शब्द ऐकवते. गुरुवारी दुपारी वर्ग सुटला की संध्याकाळपर्यंत बिऱ्हाड रिकामं. एक टोळी पिसाहून स्वस्तातलं विमान पकडून बार्सिलोनाला, दुसरी रात्रीच्या बसने म्युनिकला. रविवारी मध्यरात्री परत, आणि सोमवारी सकाळी नऊला माझ्यासमोर एकोणीस जांभया. परवा एकीला विचारलं, प्राग कसं होतं? म्हणाली, "खूप छान, पण बुडापेस्टशी माझी जरा गल्लत होतेय."

पहिल्या आठवड्यात माझा नुसता संताप व्हायचा. पाण्यात बर्फ का नाही, पाण्याचे पैसे का, टेबलावर नुसतं बसल्याचे 'कोपेर्तो' म्हणून दीड-दोन युरो बिलात कसे. दोघी लुक्काला निघाल्या होत्या. रीतसर तिकीट काढलं, पण प्लॅटफॉर्मवरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारायचा राहिला. टीसीने दंड केला. दोघी रडत माझ्याकडे. "आम्ही पैसे भरले होते ना!" घरी एकविसाव्या वर्षापर्यंत बिअर मिळत नाही आणि इथे अठराव्या वर्षी मिळते, त्यामुळे पहिले चार दिवस कसे गेले ते इथे लिहीत नाही.

पण खरं सांगायचं तर माझ्या रागाचं मूळ बर्फात नव्हतं, पासपोर्टात होतं. त्यांना नव्वद दिवस व्हिसा लागतच नाही. मला शेंगेनसाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या व्हिसासाठी, बँकेची स्टेटमेंट, विमा, युनिव्हर्सिटीचं पत्र, बोटांचे ठसे, शिवाय परत अमेरिकेत शिरता यावं म्हणून आय-ट्वेंटीवर, म्हणजे युनिव्हर्सिटीने परदेशी विद्यार्थ्याला दिलेल्या कागदावर, ताजी सही. त्या व्हिसा सेंटरला मी तीन खेपा घातल्या. रोमच्या विमानतळावर पोरं यंत्रावर पासपोर्ट टेकवून पाच मिनिटांत पलीकडे. मी लांबच्या रांगेत. तासाभराने बाहेर आले तर सगळी आपापल्या बॅगांवर बसून माझी वाट बघतायत. एकाने निरागसपणे विचारलं, "तू चुकीच्या रांगेत उभी राहिलीस का?"

चुकीच्या नव्हते रे बाबा.

तक्रारींच्या बाबतीत मीही काही कमी नाही म्हणा. इथल्या पावात मीठच नसतं. तस्कनीची रीतच तशी. कोल्हापूरच्या माणसाला अळणी पाव म्हणजे शिक्षा. मी आईची कांदा-लसूण चटणी आणलीय, तीवर ऑलिव्ह ऑइल ओतून पावाला लावते. नेब्रास्काच्या एका मुलाला एकदा चव दिली तर त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याने दुसरा तुकडा तोडला. तेव्हापासून बरणीला दोन वाटेकरी.

हा मुलगा शनिवार-रविवार कुठेच जात नाही. पहिल्यांदा वाटलं, अभ्यासू असेल. मग कळलं, गिलमन शिष्यवृत्तीवर आलाय. ज्यांना घरच्या बेताच्या परिस्थितीमुळे सरकारी पेल ग्रँट मिळते, त्यांच्यासाठी असते ती. पासपोर्ट पहिल्यांदाच काढलेला. विमानांचे पैसे नाहीत, म्हणून गावातच हिंडतो. आता तो ज्या बारमध्ये उभ्याने कॉफी पितो (बसलं की भाव वाढतो) तिथला म्हातारा त्याला न विचारता कप पुढे सरकवतो. बुडापेस्टवालीला हे कळलं तर तिला हेवा वाटेल की कीव येईल, सांगता येत नाही.

बुधवारी सगळ्यांना घेऊन डुओमोच्या, म्हणजे इथल्या मुख्य चर्चच्या, घुमटावर चढलो. ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. शेवटचा जिना आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन कवचांच्या मधून जातो. खांदे घासतात, भिंत अंगावर कलते. तिथे विटा जवळून दिसतात. आडव्या थरांत मध्येच उभ्या विटा, माशाच्या काट्यासारख्या तिरप्या चढत गेलेल्या. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ मध्ये हे बांधलं, सुमारे ४५ मीटर रुंदीवर, जमिनीपासून सेंट्रिंग, म्हणजे बांधकाम पेलणारा तात्पुरता सांगाडा, न उभारता. ओला थर आत घसरू नये म्हणून त्या उभ्या विटा त्याला अडवून धरतात. एकेक कडं पूर्ण झालं की ते स्वतःच स्वतःला पेलतं. नेब्रास्कावाला भिंतीला तळवा लावून उभाच राहिला. मागची रांग शिव्या घालायला लागली तेव्हा हलला. रात्री फोनवर बाबांना सांगितलं. चाळीस वर्षं बांधकामात गेलेला माणूस. म्हणाले, "सेंट्रिंग न्हाई? मग काय हवेत बांधला व्हय?" मी म्हटलं, जवळजवळ तसंच.

आज सकाळी काशिने नावाच्या बागेत जायचं होतं. एकटीच निघाले होते, पण जिन्यात नेब्रास्कावाला भेटला आणि मागे लागला. ट्रामने बागेपर्यंत, मग नदीकाठाने सरळ पश्चिमेला, बाग संपेपर्यंत. आर्नो नदीला मुन्योने नावाची छोटी नदी मिळते त्या टोकाला छत्री आहे. खाली अर्धपुतळा, फेटा, गळ्यात हार. राजाराम महाराज, करवीरचे छत्रपती. राजाराम कॉलेजात पाच वर्षं काढली, पण ज्यांच्या नावाचं कॉलेज, ते इथे गेले हे मला पुण्याला गेल्यावर कळलं होतं.

त्याला सांगितलं. १८७० साली हे युरोप बघायला आले. रोज इंग्रजीत रोजनिशी लिहायचे, ती पुढे १८७२ मध्ये छापली गेली. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबरला इथेच वारले. या संगमावर दहन झालं, आणि काही वर्षांनी ही छत्री उभी राहिली. तो छत्रीवर कोरलेला इंग्रजी मजकूर वाचत होता. एकविसाव्या वर्षात, असं त्यात आहे. बोट त्या ओळीवर ठेवून थोडा वेळ तसाच उभा. मग म्हणाला, "एकटे होते?"

"नाही, आपली माणसं होती. शिवाय कॅप्टन वेस्ट म्हणून एक इंग्रज अधिकारी. काय बघायचं, कुणाला भेटायचं, सगळं तो बघायचा."

"म्हणजे त्यांचा टीए."

मी इतकी हसले की जॉगिंग करणारी एक बाई वळून बघायला लागली.

जवळच पूल आहे, पोंते आल इंदियानो, म्हणजे इंडियनचा पूल. १९७८ चा, तारांनी पेललेला. डेकच्या खालून पायी जायची वाट टांगलेली आहे, डोक्यावरून ट्रक धडधडत जातात. त्या गाड्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल हा इंडियन कोण ते! आम्ही मधोमध थांबून चटणी-पाव खाल्ला. बरणीचा तळ दिसायला लागलाय.

आता बाराला पाच कमी. खाली चाकांच्या बॅगांचा खडखडाट, म्हणजे बार्सिलोना आली. ग्रुपवर एकीचा मेसेज: उद्याचं स्केच नक्की कशाचं? 'फ्लॉरेन्समधला एक घुमट, भार खाली कसा येतो त्या बाणांसह,' असं मी तीन वेळा सांगितलंय.

त्याआधीच नेब्रास्काचा फोटो येऊन पडलाय. छत्री काढलीय. फेटा जरा काउबॉय हॅटकडे झुकलाय. खाली लिहिलंय, वर छोटा घुमट आहे, चालेल का?

चालेल, लिहिलं. पण खांबांवरचे बाण राहिलेत, ते काढ.