तुम्ही विचारलंत म्हणून: स्क्रीन इतकी रिकामी का?

माझं नेटबुक उघडं दिसलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, “अहो, याच्यावर काहीच कसं नाही?” आयकॉन नाहीत, चित्र नाही, करडी पार्श्वभूमी आणि तळाला एक बारीक पट्टी. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, “रॅम का वाढवत नाही?”

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. ती वाढतच नाही. आत २०१० सालचा इंटेलचा ॲटम एन४५० हा प्रोसेसर आहे, एका कोअरचा. तो २ जीबीच्या वर रॅम घेत नाही, आणि तेवढी मी केव्हाच बसवली आहे. पण कीबोर्ड शाबूत आहे, बोटं त्याला सरावली आहेत, आणि मुद्रितशोधनाचं सगळं काम मी याच्यावरच करते. चालतं यंत्र भंगारात द्यायला माझं मन घेत नाही.

मग प्रश्न उरतो तो २ जीबी कुणाला किती द्यायची हा. यावर लिनक्स आहे, आणि आधी मी त्यातला ग्नोम हा डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या, मेनू, सूचना सगळं एकत्र देणारा संच, वापरत होते. तो नुसता सुरू झाला तरी निम्म्याच्या आसपास रॅम संपायची. त्यावर लिबरऑफिसात तीनशे पानांचं हस्तलिखित आणि ब्राउझरमध्ये शब्दकोश उघडला, की रॅममधलं ओझं स्वॅपवर, म्हणजे डिस्कवरच्या राखीव जागेत जायचं, हार्ड डिस्क खरखरत राहायची आणि टाइप केलेलं अक्षर दोन-तीन सेकंदांनी उमटायचं. मुद्रितशोधन करणाऱ्याला ही फार मोठी शिक्षा आहे. नजर पुढच्या ओळीवर गेलेली असते आणि चूक मागे उमटते.

म्हणून डेबियन (मी वापरते ते लिनक्स) नव्याने टाकताना डेस्कटॉपच्या पर्यायासमोरची खूण काढली. यंत्र सुरू झालं ते काळ्या पडद्यावर, नाव आणि पासवर्ड विचारत. त्यावर मोजक्याच गोष्टी चढवल्या: पडद्यावर खिडक्या दिसण्यासाठी लागणारी मूळ यंत्रणा एक्स, ओपनबॉक्स, तळाच्या पट्टीसाठी टिंट२ आणि फायलींसाठी पीसीमॅनएफएम. हा शेवटचा तैवानच्या हाँग जेन यी यांचा; एलएक्सडीई हा हलका डेस्कटॉप त्यांनीच २००६ साली सुरू केला. ओपनबॉक्स मात्र डेस्कटॉप नव्हे. खिडक्यांना चौकट देणं, त्या हलवणं आणि राइट क्लिकवर मेनू दाखवणं, एवढंच त्याचं काम. लॉगिन झाल्यावर माझ्याकडे आता १८० एमबीच्या आसपास रॅम लागते.

खरं तर विचारायला हवं ते हे, की यात जातं काय. दिवाळी अंकाच्या अकरा पानांच्या दुरुस्त्या करत असताना नेटबुक अचानक बंद पडलं. बॅटरी संपत आल्याची सूचना यंत्र देतं असं मी धरून चालले होते. ती डेस्कटॉप द्यायचा, आणि तो तर मीच काढला होता. दुरुस्त्या पुन्हा केल्या, रात्री दोनपर्यंत. दुसऱ्या दिवशी बॅटरीवर लक्ष ठेवणारा सीबॅटिकॉन हा छोटा प्रोग्रॅम टाकला. आवाजाच्या कळा, पेन ड्राइव्ह आपोआप उघडणं, स्क्रीन लॉक होणं हेसुद्धा असंच एकेक करून परत आणावं लागलं. या कामात माझे तीन रविवार गेले, आणि त्यांचं मला जराही वाईट वाटत नाही. कुठलं काम कोण करतं, हे मला त्याआधी माहीत नव्हतं.

मराठीचं म्हणाल, तर सुरुवातीला अक्षरांच्या जागी चौकोन दिसले, कारण देवनागरी फॉन्टच नव्हता. लोहित टाकला. टाइप करायला अनेकजण आयबस वापरतात; रोमन अक्षरांत उच्चार लिहून देवनागरी मिळवणाऱ्यांना तो किंवा तसा दुसरा प्रोग्रॅम लागतोच. मी इन्स्क्रिप्टवाली, म्हणजे प्रत्येक कळेवर देवनागरी अक्षर ठरलेलं. मराठी इन्स्क्रिप्ट एक्सच्या स्वतःच्या कीबोर्डांमध्येच आहे, त्यामुळे ओपनबॉक्स सुरू होताना वाचतो त्या ऑटोस्टार्ट फाइलमध्ये एक ओळ लिहिली की झालं. सतत चालणारा एक प्रोग्रॅम वाचला.

स्क्रीन १०२४ बाय ६००ची. एखाद्या खिडकीचं ‘ओके’ खाली, पडद्याबाहेर जातं. तेव्हा ऑल्ट दाबून खिडकी वर ओढायची.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते: यानं ब्राउझर हलका होत नाही. आजची जड वेबसाइट उघडली की ती एकटीच माझ्या अख्ख्या डेस्कटॉपपेक्षा जास्त रॅम घेते. वाचलेली रॅम तिथेच खर्च होते, आणि ती तिथे खर्च व्हावी म्हणूनच मी ती वाचवते. झेडरॅमही चालू केलंय; त्यात स्वॅपचा भाग डिस्कवर न जाता रॅममध्येच दाबून ठेवला जातो. प्रोसेसरला थोडं काम वाढतं, पण खरखर थांबली.

तुमच्याकडे ४ जीबी असेल तर एवढं करू नका, सरळ एक्सएफसीई हा तयार डेस्कटॉप टाका. बॅटरीची सूचना, आवाजाच्या कळा सगळं त्यात जागेवर असतं. २ जीबी किंवा त्याहून कमी असेल, तर आधी प्रोसेसर ६४ बिटचा आहे का ते पाहा, कारण डेबियन १३पासून ३२ बिटवाल्यांसाठी इन्स्टॉलर येत नाही. आणि पहिल्याच दिवशी सीबॅटिकॉन टाका.