आजोबांची काठी

आजचा अख्खा रविवार २० सेकंदांच्या एका कार्टूनमध्ये गेला. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरून सुरसागर तलावापर्यंत रोज फिरायला जाणारे आजोबा मी जुन्या व्हिडिओ गेमच्या धर्तीवर, १६ बाय १६ पिक्सेलच्या चौकोनात रेखाटते आहे. १९८१ च्या 'डाँकी काँग' या व्हिडिओ गेमसाठी त्याचे रचनाकार शिगेरू मियामोतो यांनी मारिओ हा नायक घडवला, तेव्हा एवढ्याशा जागेत तोंड आणि केस दाखवणे अवघड होते, म्हणून त्यांनी त्याला मिशा आणि टोपी दिली. आमच्या आजोबांकडे दोन्ही होतेच.

जाण्याच्या चालीला तीन चित्रे पुरली. परतीच्या वाटेसाठी, त्या काळच्या गेममध्ये मेमरी वाचवायला करत तशी, मी तीच चित्रे आरशासारखी उलटवली. आजी चष्मा लावून स्क्रीनवर वाकली आणि लगेच म्हणाली, "अगं, यांची काठी डाव्या हातात कधीच नसायची." एक पिक्सेल रुंदीची ती तपकिरी रेघ तिने नेमकी हेरली, याचे मला फार अप्रूप वाटले. मला मेमरीची चणचण नाही, त्यामुळे संध्याकाळी परतीची तिन्ही चित्रे नव्याने काढली. आता आजोबा काठी उजव्या हातात धरूनच घरी येतात, आणि आजीने ते येणे जेवणाआधी आठ वेळा पाहिले.