गाडी मागे घेण्याआधी

कामाच्या ठिकाणी गाडी मागे घेताना अपघात झाला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: चालकाने आरशात पाहिले होते का? माझ्या अनुभवात बहुतेक वेळा त्याने पाहिलेले असते. आरशात माणूस दिसत नव्हता, एवढेच. टिपर, लोडर किंवा फोर्कलिफ्टच्या मागे आणि बाजूला असे काही पट्टे असतात, जे काचेतून, आरशातून किंवा मान वळवूनही दिसत नाहीत, आणि त्या पट्ट्यात उभ्या असलेल्या माणसाला मात्र एवढी मोठी गाडी समोर दिसत असल्यामुळे आपणही चालकाला दिसतच असणार, असे वाटत राहते.

हे मला खरे पटले ते खडूच्या एका रेघेने. एका दुपारी काम थांबलेले असताना आम्ही टिपर मोकळ्या जागी उभा केला, इंजिन बंद करून किल्ली काढून घेतली आणि अनेक वर्षे तीच गाडी चालवणाऱ्या चालकाला त्याच्या नेहमीच्या जागेवर बसवले. मी रस्त्यावर ठेवतात तसला नारिंगी कोन कमरेच्या उंचीवर धरून हौद्याच्या मागच्या फाळक्यापासून मागे मागे सरकत गेलो, आणि ज्या ठिकाणी त्याने ‘आता दिसला’ असे ओरडून सांगितले तिथे खूण केली; मग दोन्ही बाजूंनी पुन्हा तेच. खुणा जोडल्यावर जमिनीवर जो आकार उमटला, त्यात आमची सगळी टोळी आरामात मावली असती. कोन जमिनीवर ठेवून पाहिले, तेव्हा रेघ आणखी मागे गेली. वाकून टेप धरणारा किंवा बुटाची नाडी बांधणारा माणूस चालकाच्या दृष्टीने त्या कोनापेक्षा फारसा उंच नसतो, मग त्याने कितीही चमकदार जाकीट घातलेले असो. चालक खाली उतरला, त्या आकाराभोवती त्याने एक फेरी मारली आणि काहीही न बोलता आरसे पुसायला घेतले. (आरसे स्वच्छच होते.)

माती हलवणाऱ्या यंत्रांसाठी हीच मोजणी आयएसओ ५००६ या मानकात नीट बांधून दिलेली आहे. त्यात चालकाच्या डोळ्यांच्या जागी दिवे लावतात आणि यंत्राभोवतीच्या १२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर, तसेच यंत्राच्या अगदी लगतच्या पट्ट्यात, कुठे कुठे सावली पडते ते पाहतात. आमची खडूची पद्धत त्यापुढे अगदीच गावठी होती, पण पाहणाऱ्याच्या डोक्यात जे शिरायचे ते तिनेही शिरले.

वेगाबद्दल थोडक्यात सांगतो. ताशी ५ किलोमीटर म्हणजे माणसाच्या चालण्याचा वेग. तरीही त्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १.४ मीटर मागे येते, आणि चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज निघून जातो. वेग दुप्पट केला, तर ब्रेक लागायच्या आधीच पावणेतीन मीटर गेलेले असतात.

रिव्हर्सच्या भोंग्यावर माझा पूर्वीइतका विश्वास राहिलेला नाही. यार्डात तीन गाड्या एकाच वेळी ‘टीं टीं’ करू लागल्या, की कोणती आपल्याकडे येते आहे हे कानाला कळत नाही, कारण एकाच पट्टीतल्या आवाजाची दिशा ओळखणे मुळातच अवघड असते आणि भिंतींवरून तो आदळून परतही येतो. फसफस केल्यासारखा आवाज करणारे नवे भोंगे या बाबतीत बरे, कारण त्यांची दिशा लवकर उमगते. माझी मुख्य तक्रार मात्र वेगळी आहे: भोंगा वाजला, की बाजूला होण्याची जबाबदारी नकळत मागच्या माणसावर जाते, आणि दिवसभर तोच आवाज ऐकून त्या माणसाचे कान केव्हाच निबर झालेले असतात. कॅमेरा उपयोगाचा आहेच, पण त्याच्या भिंगावर चिखल बसतो, पडद्यावर ऊन पडले की चित्र दिसत नाही, आणि रुंद भिंगामुळे जवळची वस्तूही दूर वाटते.

मग उरतो इशारा देणारा माणूस, आणि या अपघातांत अनेकदा तोच सापडतो. गाडीच्या ऐन मागे उभे राहून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणत स्वतःही उलटे चालणारा माणूस मी इतक्यांदा पाहिला आहे, की ते दृश्य कोणाला खटकतही नाही. त्याची जागा बाजूला, गाडीच्या वाटेबाहेर आणि चालकाला आरशात पूर्ण दिसेल अशी हवी. इशारे हाताचे असावेत, कारण इंजिनच्या आवाजात ‘बस्स’ आणि ‘अजून’ यांतला फरक बुडून जातो. ते आधी दोघांनी मिळून ठरवलेले असावेत आणि देणारा एकच असावा. थांबण्याचा इशारा तेवढा कोणीही द्यावा आणि चालकाने तो मुकाट्याने पाळावा. इशारा देणारा आरशातून नाहीसा झाला, तर गाडी त्याच क्षणी थांबली पाहिजे, आणि तो पुन्हा दिसेपर्यंत हललीही नाही पाहिजे. ‘असेल इथेच कुठेतरी’ म्हणून घेतलेल्या दोन हातांची जी किंमत पडू शकते, ती त्या खडूच्या आकारात उभे राहून पाहिल्यावर वेगळी सांगावी लागत नाही.

पण हे सगळे पुढचे उपाय झाले. गाडीला मागे यावेच का लागते, हा प्रश्न आम्ही फार उशिरा विचारला. आमच्याकडे खडीचा ढीग फाटकासमोरच असल्यामुळे प्रत्येक टिपरला अख्खी वाट उलटी यावी लागत होती. ढीग आतल्या कोपऱ्यात हलवला, त्याला वळसा घालून जाणारा एकेरी रस्ता आखला आणि पायी जाणाऱ्यांची वाट कठड्याने वेगळी केली. आता टिपर फक्त रिकामा होताना गाडीभर लांबी मागे येतो, आणि त्या वेळी तिथे इशारा देणाऱ्याखेरीज कोणी नसते. खडूची रेघ पहिल्याच पावसात धुऊन गेली, म्हणून तोच आकार पिवळ्या रंगाने रंगवून घेतला आहे. नवा चालक आणि नवा कामगार रुजू झाले, की त्यांना पहिल्या दिवशी आळीपाळीने केबिनमध्ये बसवतो आणि त्या पिवळ्या रेघेच्या आत उभे करतो.