रोजचे 52 किलोमीटर आणि माझी गाडी

2025 च्या जानेवारीत सातारा-कोरेगाव रस्त्यावर त्रिपुटीच्या अलीकडे मी मरता मरता वाचले. संध्याकाळचे पावणेसात झाले असतील. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे डोळ्यांवर आले, क्षणभर काहीच दिसेना, आणि दिसलं तेव्हा तोंडासमोर उसाच्या मोळ्यांची टोकं होती. डबल ट्रॉली, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. अण्णांच्या वीस वर्षं जुन्या गाडीचे दोन्ही ड्रम ब्रेक मी जीव खाऊन दाबले. मागचं चाक सरपटत गेलं. गाडी थांबली तेव्हा हेल्मेटच्या काचेपासून ऊस हातभर लांब होता आणि तोडलेल्या कांड्यांचा ओला गोडसर वास नाकात शिरत होता. घरी येऊन मी जेवले नाही. अण्णांनी काय झालं ते विचारलं आणि म्हणाले, "ही गाडी आता रानात जायला ठेवू. तुला नवी घ्यायची."

मी साताऱ्यात एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आमचं गाव कोरेगावच्या पुढे, जाऊन-येऊन 52 किलोमीटर. ड्युटी कधी सकाळी सातची, कधी रात्री साडेआठला सुटणारी. अशा वेळेला एसटीच्या भरवशावर राहता येत नाही.

नवी गाडी म्हटल्यावर घरीदारी सगळ्यांनी एकच सांगितलं, स्कूटर घे, बाईमाणसाला बरी. गावातल्या गावात हिंडायला स्कूटरसारखं सुख नाही, हे मलाही मान्य आहे. पण ॲक्टिव्हाचं पुढचं चाक 12 इंची आणि मागचं 10 इंची, तर शाईन किंवा स्प्लेंडरची दोन्ही चाकं 18 इंची. गाळपाच्या दिवसांत रस्त्यावर उसाच्या कांड्या पडलेल्या असतात, पावसाळ्यानंतर खड्डे असतात. मोठं चाक त्यावरून निघून जातं, लहान चाक आत बसतं. शिवाय स्कूटरची टाकी पाच लिटरच्या आसपास, म्हणजे माझ्या फेऱ्यांना दर तीन-चार दिवसांनी पंपावर रांग. गिअरची गाडी मी दहावीनंतरच शाळेच्या मैदानावर शिकले होते, त्यामुळे माझ्या मनात शंका नव्हती.

मग मायलेजची चर्चा. आमच्याकडे गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच, ॲव्हरेज किती देते? मी वही घेऊन बसले. महिन्याला 26 दिवस धरले तर 1,352 किलोमीटर. 65 चं ॲव्हरेज देणाऱ्या गाडीला सुमारे 21 लिटर लागतं, 55 देणारीला साडेचोवीस. लिटरला 105 रुपये धरले तर फरक महिन्याला 400 रुपयांचा. चारशे रुपये कमी नाहीत, माझ्या पगारात तर नाहीतच. पण चांगल्या ब्रेकसाठी ते मोजायची माझी तयारी होती. त्या आकड्यानंतर घरातली चर्चाच बदलली.

माझी उंची पाच फूट एक इंच. शोरूममध्ये अण्णा म्हणाले, "चालवणार तू, तर बसून तूच बघ. मी नुसता संगं येतो." प्लॅटिनाची सीट 807 मिलिमीटर उंच, तिच्यावर माझे फक्त चवडे टेकले. रेडरची सीट 780, पाय छान टेकले, पण वजन 123 किलो. स्टँडवरून काढून मागे ढकलून बघितली, लॅबच्या उताराच्या पार्किंगमध्ये ती मला रोज जड गेली असती. शाईन 125 ची सीट 791 आणि वजन त्याहून दहाएक किलो कमी. तिच्यावर दोन्ही पाय पुरेसे टेकले, एका पायावर गाडी कलती करून पुन्हा उभीही करता आली. कॅटलॉग वाचून यातलं काही कळलं नसतं. 160 सीसीची एबीएसवाली, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी गाडी मनात होती. तेव्हा, 2025 मध्ये, 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं होतं, 125 पर्यंतच्यांना सीबीएस चालायचं, म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. पण त्या मोठ्या गाडीचं वजन आणि किंमत दोन्ही मला झेपणारं नव्हतं. म्हणून शाईन 125 चं, पुढे डिस्क ब्रेक असलेलं मॉडेल धरलं.

टेस्ट राइड म्हणजे शोरूमसमोर जाऊन वळून येणं. मी तेवढ्यावर ऐकलं नाही. अण्णांना मागे बसवलं आणि कृष्णानगरहून पोवई नाक्याकडे येणारा चढ चढून बघितला. त्याआधी एका 100 सीसीच्या गाडीला तिथं गिअर दोनदा उतरवावा लागला होता. ही तिसऱ्यावर न कुरकुरता चढली. रोज सकाळी घाईच्या वेळी तोच चढ माझ्या वाट्याला येतो, म्हणून मला तो आधी बघायचा होता.

किमतीसाठी थोडं थांबणं फळलं. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. पण कोटेशनमध्ये हँडलिंग चार्जेस आणि न मागितलेली ॲक्सेसरीज होतीच. मी शांतपणे एकेका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "याची पावती मिळेल का?" दोन ओळी तिथंच खोडल्या गेल्या. विमाही त्यांच्याचकडून घेतला पाहिजे असं नसतं. पाच वर्षांचा थर्ड पार्टी आणि एक वर्षाचा गाडीचा, तोच विमा मला बाहेर स्वस्तात मिळाला.

कर्जात मात्र मी फसणार होते. शोरूममधला माणूस म्हणाला, "ताई, फक्त दहा टक्के." 70,000 रुपयांवर तीन वर्षं, हप्ता 2,528. पण हे व्याज फ्लॅट, म्हणजे मुद्दल फिटत गेलं तरी व्याज पूर्ण 70,000 वरच. घटत्या शिल्लकीच्या हिशेबात तो दर जवळजवळ 18 टक्के पडतो. अण्णांच्या पतसंस्थेत घटत्या शिल्लकीवर 12 टक्के होते, हप्ता 2,325. तीन वर्षांत सात हजारांवर रुपये वाचले. दर सांगितला की "फ्लॅट का रिड्युसिंग?" एवढं जरूर विचारा.

दिवाळीच्या आत गाडी घरी आली. आईनं लिंबू ठेवलं, हार घातला. टाकी फुल ते टाकी फुल मोजलं, 412 किलोमीटरला 7.1 लिटर, म्हणजे 58 चं ॲव्हरेज.

गाळप सुरू व्हायच्या आधी मी लाल रिफ्लेक्टर टेपचा रोल आणला. थोडी हेल्मेटच्या मागे लावली, थोडी मागच्या मडगार्डवर. उरलेला रोल घेऊन अण्णा शेजारच्या तात्यांकडे गेले आणि त्यांच्या ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टी चिकटवून आले.