नातेवाइकाने भरावयाचे रकाने

गेल्या पावसाळ्यात बाबा न्हाणीघरात घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयाच्या अर्जावर 'रुग्णाशी नाते' या रकान्यात 'मुलगी' असे मी सहज लिहिले. मात्र 'एखाद्या औषधाचे वावडे आहे काय' या पुढच्या रकान्यापाशी माझे पेन थांबले. आईबाबांचा घटस्फोट झाला तेव्हा मी ११ वर्षांची होते आणि आज ४२ वर्षांची आहे.

कायद्यापुरते पाहिले तर प्रश्न सोपा आहे. घटस्फोटाने नवरा-बायकोचे नाते संपते, मुलांचे संपत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्याखाली वृद्ध आईवडिलांना न्यायाधिकरणाकडे अर्ज करून मुलांकडून निर्वाहभत्ता मागता येतो. लग्न झालेली मुलगीही वडिलांच्या पोषणास बांधील आहे, असा निर्णय तर सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्येच कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या प्रकरणात दिला होता. तिथे तर वडिलांनी दुसरा संसार मांडलेला होता.

पैसे मी देते, त्याविषयी माझी कुरकुर नाही. अडते ते दुसरीकडेच. आमच्याकडे त्या पिढीतले बहुतेक पुरुष मुलांना फोन करून स्वतःसाठी काही मागत नाहीत. 'यांना हल्ली कमी ऐकू येतं', 'पेन्शनचं काम अडलंय, एकदा बँकेत जाऊन ये' असे निरोप आईच्या तोंडून येतात आणि त्या निरोपांवरच म्हाताऱ्या वडिलांची देखभाल चालते. आमच्या घरात बाबांच्या बाजूचा हा निरोप्याच नाहीसा झाला. आई माझ्याजवळ राहते, त्यामुळे तिचा गुडघा दुखू लागला की तिने सांगण्याआधीच मला तिच्या जिना चढण्यावरून कळते. पण न्यायालयाने ठरवून दिलेल्या रविवारी चार तास भेटणाऱ्या माणसाविषयी मला ठाऊक होते ते एवढेच, की ते चहात दोन चमचे साखर घेतात. (मधुमेहामुळे तीही कधीच बंद झाली होती, हे मला रुग्णालयात समजले.)

रात्री घरी परतल्यावर आईने पान वाढता वाढता, माझ्याकडे न पाहता विचारले, "ते कसे आहेत?" मी शस्त्रक्रियेची तारीख सांगितली. तिने आमटीची वाटी ठेवली आणि थोडे थांबून म्हणाली, "सल्फाचं औषध देऊ नका म्हणावं. अंगावर पित्त उठतं त्यांच्या."

मी पानावरून उठून रुग्णालयात फोन लावला.