मंगळाचा पहिला फोटो खडूंनी रंगवला होता

आम्ही राहतो ते पॅसाडेना, म्हणजे लॉस एंजेलिसला लागूनच, आणि इथेच नासाची जेपीएल आहे, जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी. मंगळावर फिरणारे रोव्हर इथे तयार झाले, व्हॉयेजर यानांशी अजून इथूनच बोलणं चालतं, त्यामुळे की काय पण इथल्या पोरांना स्पेसचं वेड भारी. लायब्ररीत मुलांसाठी फुकट कार्यक्रम असतात, गोष्ट वाचून झाली की टेबलावर कागद आणि क्रेयॉन्स येतात, आणि त्या कागदांवर रॉकेट, शनी, अंतराळवीर हे असतातच. माझी लेक त्यात रमून जाते. बरेच जण विचारतात की अशा रंगवायच्या कागदातून मुलं काय शिकणार, तेवढा वेळ शांत बसतात इतकंच ना. मला तसं अजिबात वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सांगायला मला याच जेपीएलमधली एक खरी गोष्ट सांगावी लागेल.

१९६५ सालचा जुलै महिना. मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेलं, दुसऱ्या ग्रहाचे जवळून काढलेले फोटो पृथ्वीवर येण्याची ती पहिलीच वेळ. फोटो म्हणजे काय तर नुसते आकडे. एका फोटोत २०० ओळी आणि प्रत्येक ओळीत २०० ठिपके, म्हणजे ४०,००० आकडे, आणि प्रत्येक आकडा ० ते ६३ मधला, त्या जागी किती उजेड आहे ते सांगणारा. इतक्या लांबून सिग्नल इतका हळू यायचा की एक फोटो पूर्ण यायला तास न् तास लागायचे. त्यात यानावरचा, फोटो साठवून ठेवणारा टेप रेकॉर्डर नीट चाललाय की नाही अशी शंका होती, आणि रिचर्ड ग्रम नावाच्या इंजिनिअरकडे त्या रेकॉर्डरची जबाबदारी होती. कॉम्प्युटरवर फोटो तयार होईपर्यंत थांबायला त्यांच्या टीमला धीर नव्हता. मग त्यांनी काय केलं, आलेले आकडे कागदाच्या पट्ट्यांवर छापले, पट्ट्या एकीला एक लावून भिंतीवर चिकटवल्या, दुकानातून पेस्टल खडू आणले, आणि ठरावीक आकड्यांना ठरावीक रंग असं ठरवून मोठी शिकलीसवरलेली माणसं रंगवत बसली! तपकिरी, लाल, पिवळा असे रंग त्यांनी घेतले होते. हळूहळू त्यातून मंगळाची कड दिसायला लागली आणि पलीकडचं आकाशही. ते चित्र नंतर फ्रेम करून जेपीएलचे तेव्हाचे संचालक विल्यम पिकरिंग यांना दिलं, आणि आजही जेपीएलमध्ये ते जपून ठेवलंय.

म्हणजे बघा, आपली मुलं ‘आकडे बघून रंग भरा’ करतात ना, अगदी तेच. आणि गंमत म्हणजे क्रेयोला या खडूंच्या कंपनीचा ६४ रंगांचा डबा १९५८ मध्ये आला होता आणि मरिनरच्या आकड्यांच्या छटाही बरोबर ६४ च, हा निव्वळ योगायोग आहे पण मला तो फार आवडतो.

हे आम्ही घरी करून बघितलं आणि इतकं छान झालं की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. ग्रहाचा एक फोटो घ्यायचा, फोनमध्येच ब्लॅक अँड व्हाइट करायचा, त्यावर चौकटी आखायच्या, लहान मुलांसाठी १२ बाय १२ पुरे. प्रत्येक चौकटीत सगळ्यात जास्त काय आहे, उजेड की अंधार, ते बघून ० ते ५ मधला आकडा द्यायचा. मग फोटो लपवून ठेवायचा आणि नुसते आकडे कोऱ्या कागदावर लिहून त्याच्या उभ्या पट्ट्या कापायच्या, एकेका मुलाला एकेक पट्टी, आणि कुठला आकडा म्हणजे कुठला रंग ते आधी सगळ्यांनी मिळून ठरवायचं. रंगवताना कुणालाच कळत नाही की चित्र कशाचं आहे, आणि पट्ट्या शेजारी शेजारी चिकटवल्या की एकदम गोल कड दिसते, थोडं लांब उभं राहिलं की आणखी स्पष्ट. आमच्याकडे एक पट्टी उलटी चिकटवली गेली होती तर मुलांनीच ओळखलं की इथे काहीतरी चुकतंय, आणि का चुकतंय तेही त्यांनीच शोधलं. डिजिटल फोटो म्हणजे काय हे याच्याहून सोपं मला तरी सांगता आलं नसतं.

दुसरी गोष्ट रंगांची. बाजारातल्या बहुतेक रंगवायच्या पुस्तकांत सूर्य पिवळाधमक असतो, पण वातावरणाच्या बाहेरून बघितला तर तो पांढरा दिसतो. नेपच्यून गडद निळा आणि युरेनस फिकट, असं आपण सगळे शाळेपासून बघत आलोय. व्हॉयेजर २ हे यान १९८६ मध्ये युरेनसजवळून आणि १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून गेलं, आणि नेपच्यूनवरचे ढग नीट दिसावेत म्हणून त्या फोटोंचा रंग वाढवलेला होता. २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी परत नीट हिशोब मांडून दाखवलं की दोन्ही ग्रह साधारण सारखेच, फिकट हिरवट निळे, नेपच्यून किंचित जास्त निळा. आणि मंगळावरचा सूर्यास्त तर निळा असतो! तिथल्या हवेत जी बारीक धूळ आहे तिच्यामुळे सूर्याच्या आसपासचं आकाश निळसर दिसतं, क्युरिऑसिटी रोव्हरने एप्रिल २०१५ मध्ये त्याचे रंगीत फोटो पाठवलेत. तो फोटो मुलांना दाखवा आणि मग लाल जमीन, निळा सूर्यास्त असं चित्र काढू दे, त्यांचे डोळे बघण्यासारखे होतात.

पण म्हणून मुलाने जांभळा गुरू रंगवला तर ‘असा नसतो’ म्हणून त्याच्या हातातला खडू काढून घेऊ नका हं. जेम्स वेब टेलिस्कोपचे फोटो बघा, तो टेलिस्कोप मुख्यतः इन्फ्रारेडमध्ये बघतो, आपल्या डोळ्यांना जे दिसतच नाही त्यात. मग शास्त्रज्ञ रंग देतात, प्रकाशाच्या सगळ्यात लांब लहरींना लाल, आखूड लहरींना निळा, मधल्यांना मधले. तिथेही कुणीतरी बसून रंग ठरवलेलेच आहेत, फक्त त्याला एक नियम आहे आणि तो सगळ्यांना सांगितलेला आहे. मी लेकीला तेवढंच विचारते, तुझा नियम काय? कधी ती म्हणते जिथे जास्त थंडी तिथे जांभळा, कधी म्हणते मला आवडतो म्हणून, आणि दोन्ही वेळा आम्ही चित्राच्या कोपऱ्यात ते लिहून ठेवतो.

ताऱ्यांचं पण तसंच, सगळे पिवळे करायची सवय असते. मृग नक्षत्र रंगवायला घ्या, त्यातला काक्षी हा तारा तांबूस आणि राजन्य हा तारा निळसर पांढरा, नुसत्या डोळ्यांनी सुद्धा फरक कळतो. जास्त तापलेला तारा निळसर आणि त्यामानाने थंड तारा लालसर, हे मुलांना आधी उलटंच वाटतं, आणि म्हणूनच लक्षात राहतं. रंगवून झालं की रात्री बाहेर जाऊन आकाशाशी ताडून बघायचं.

तीन-चार वर्षांच्या पिल्लांना आकडेबिकडे नको. त्यांना पांढरा मेणाचा खडू द्या, पांढऱ्याच कागदावर जोर लावून ठिपके, गोल, रॉकेट काय हवं ते काढू दे, आणि मग वरून काळ्या-निळ्या वॉटरकलरचा पातळ हात फिरवा. मेणावर पाणी ठरत नाही त्यामुळे तारे एकदम वर येतात. पांढऱ्या कागदावर काळं आकाश खडूने भरायला लावलं तर मुलं अर्ध्यात कंटाळतात, त्यापेक्षा सरळ काळा कार्डपेपर आणि ऑइल पेस्टल द्यावेत, राखाडी चंद्र तर त्यावर फारच सुंदर दिसतो.

आणि कागद विकत आणायची गरज नाही. नासाच्या स्पेस प्लेस या मुलांच्या वेबसाइटवर रंगवायची चित्रं फुकट आहेत, तिकडे भारतातही प्रिंट काढता येतात. फक्त प्रिंट देताना त्याच ग्रहाचा खरा फोटो पण शेजारी ठेवा, आणि पट्ट्यांचा मंगळ केलात तर कुठल्या आकड्याला कुठला रंग दिला ते मला कमेंटमध्ये नक्की कळवा.