कुठली योको?

पुण्यात जपानी शिकायला जायचो तेव्हाची गोष्ट. धड्यात योको नावाची एक बाई आली आणि आमच्या बाईंनी विचारलं, "कुठली योको?" आम्ही गप्प. योको म्हणजे योको, त्यात कुठली काय!

बाईंनी फळ्यावर एकाखाली एक तीन अक्षरं काढली. पहिल्याच्या डावीकडे पाण्याचे तीन शिंतोडे आणि उजवीकडे चक्क मेंढी. मेंढी फक्त उच्चारापुरती, अर्थ महासागर. दुसऱ्याच्या डोक्यावर गवत, पायाशी झाड, ते पान. तिसरं ऊन. तिन्हींचा उच्चार 'यो', ओ जरा लांबवायचा. पुढे 'को' जोडलं की नाव तयार. 'को' म्हणजे मूल. ऐंशी वर्षांच्या आजीच्याही नावात मूल? हसू आलं, मग आपले बाळासाहेब आठवले.

त्यामुळे जपानी बाई फोनवर नाव सांगताना सहज पुस्ती जोडते, समुद्रातला 'यो', पानातला 'यो'. आपल्याकडे "कुठली सुनंदा?" विचारा, उत्तर येतं, "जोशांची", नाहीतर "कुलकर्ण्यांची धाकटी सून".

कलावंत योको ओनो समुद्रातली. कादंबरीकार योको ओगावाही समुद्रातली. योको तावादा मात्र पानातली. ती 1982 मध्ये जर्मनीत गेली आणि जपानी, जर्मन दोन्ही भाषांत लिहू लागली. झाडाचं पान आणि वहीचं पान यांना मराठीत शब्द एकच, जर्मनमध्येही एकच. लेखिकेला याहून शोभणारं नाव कुठून आणायचं?

ओनोबाईंचं नशीब वेगळं. त्यांच्याबद्दल जग आपल्यासारखंच विचारतं, कुणाची? गायक जॉन लेननची. त्याचा बीटल्स बँड फोडणारी! खरं तर 1964 मध्येच क्योटोच्या रंगमंचावर ती कात्री समोर ठेवून मुकाट बसली होती, आणि प्रेक्षक एकेक करून येत तिच्या अंगावरचे कपडे कापून नेत होते. लेनन भेटला 1966 च्या नोव्हेंबरात, लंडनच्या एका कलादालनात. तिथे तिने एक पांढरी शिडी ठेवली होती, वर छतापाशी टांगलेलं भिंग. चढून भिंगातून पाहिलं की छतावर इवलंसं 'यस' दिसायचं. लेनन चढला. 1969 मध्ये लग्न झालं आणि पुढच्याच महिन्यात त्यानेच आपल्या नावात 'ओनो' घालून घेतलं. हे मात्र कुणी फारसं सांगत नाही.

एरवी जपानातही आडनावाची गत आपल्यासारखीच. कायद्याने नवराबायकोचं आडनाव एकच लागतं आणि शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव जोडप्यांत ते बायकोच सोडते. पण समुद्र समुद्रच राहतो, पान पानच.

माझ्या आजीचं तेवढंही राहिलं नाही. ताटात तांदूळ पसरून आजोबांनी अंगठीने 'सुशीला' लिहिलं. ताट उचललं, तांदूळ डब्यात गेले, वेणूची सुशीला झाली.

मी सात-आठ वर्षांचा असताना एक म्हातारी दारात आली. धापा टाकत म्हणाली, "वेणू आहे का रे?"

"इथे वेणू कुणी राहत नाही," मी म्हटलं.

आतून आजीचा आवाज आला, "आले गं!"